दाबाचे वैद्यक : भीमा-घोडच्या काठावरून कुलाब्यापर्यंत

पाण्याखाली उतरलेल्या माणसाच्या शरीरात दाबामुळे काय काय घडते, त्याचा अभ्यास निमज्जन वैद्यक करते. तोच दाब पोलादी कोठीत निर्माण करून औषधासारखा वापरणे हे अतिदाब वैद्यकाचे काम. डॉक्टरांच्या बोलण्यात मात्र ‘डायव्हिंग मेडिसिन’ आणि ‘हायपरबेरिक मेडिसिन’ हीच नावे रुळली आहेत. दोन्ही शाखा एकत्र शिकवल्या जातात, कारण पाणबुड्यांच्या आजारावर उपाय म्हणून जी कोठी आली, तीच पुढे मधुमेहाच्या जखमेसाठी, विषारी वायूने बेशुद्ध झालेल्या माणसासाठी आणि किरणोपचाराने खराब झालेल्या हाडासाठी कामी आली. भारतात या विद्येचे मूळ घर मुंबईत कुलाब्याला, ‘आयएनएचएस अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयातली इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड या तालुक्यांना समुद्र नाही. इथे ‘पाणबुडी’ म्हटले की नौदलाच्या आधी विहिरीत सोडलेली मोटार डोळ्यांपुढे येते. तरीही घोड आणि भीमेच्या काठावर या शाखेला काम आहे, आणि इथल्या मुलामुलींना तिच्यात शिरण्याची वाटही फारशी लांबची नाही. ती पुण्यातूनच सुरू होते.

समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा जो दाब असतो त्याला एक वातावरण म्हणतात. पाण्यात दर १० मीटर खोलीला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. ३० मीटरांवर शरीर चार वातावरणांच्या दाबाखाली असते. हाडे, स्नायू, रक्त यांना त्याचे फारसे काही वाटत नाही, कारण द्रव आणि घन पदार्थ दाबले जात नाहीत. सगळा प्रश्न वायूचा आहे. दाब दुप्पट झाला की वायूचे आकारमान निम्मे होते, हा शाळेत शिकलेला बॉईलचा नियम. म्हणून उतरताना कानाच्या पडद्यामागची हवा आकसते, पडदा आत ओढला जातो आणि कान ठणकतो. नाक दाबून हवा कानात ढकलली नाही तर पडदा फाटतोसुद्धा. वर येताना उलटे घडते. टाकीतली दाबाची हवा छातीत भरून, श्वास रोखून वर येणाऱ्याची फुप्फुसे फुगत जातात, फाटतात आणि हवेचे बुडबुडे थेट रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचतात. त्यासाठी समुद्राची खोली लागत नाही, दीड मीटर पाणीही पुरते.

दाबाचा दुसरा परिणाम उशिरा कळतो. इंग्लंडच्या विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये दाखवले की दाब वाढेल तसा वायू द्रवात अधिक विरघळतो. खोल पाण्यात श्वासावाटे घेतलेला नायट्रोजन असाच रक्तात, चरबीत, मज्जातंतूंत आणि सांध्यांत मुरत जातो. बुड्या सावकाश वर आला तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने आला तर जिथे मुरला तिथेच त्याचे बुडबुडे होतात. खांदा किंवा कोपर दुखू लागते, अंगाला खाज सुटते, पाय जड पडतात. वाईट प्रसंगी कमरेखालचे अंग लुळे पडते. बहुतेक लक्षणे पहिल्या सहा तासांत दिसतात. हाच ‘विदाबन आजार’, ज्याला जगभरचे पाणबुडे ‘बेंड्स’ म्हणतात.

हा आजार आधी समुद्रात ओळखला गेला नाही, तो नद्यांवरच्या पुलांच्या कामात ओळखला गेला. पुलाचा पाया खणताना नदीच्या तळावर खालून उघडी पेटी टेकवायची, आत दाबाची हवा भरून पाणी बाहेर ठेवायचे आणि मजुरांनी आत बसून खोदायचे, अशी पद्धत एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. संध्याकाळी बाहेर पडलेले मजूर वेदनेने वाकून चालत. कोलकात्याच्या हावडा पुलाच्या पायासाठीही अशाच पेट्यांत दाबाची हवा वापरली होती. फ्रान्सच्या पॉल बेर याने १८७८ मध्ये बुडबुडे नायट्रोजनचेच असतात हे सिद्ध केले. त्यानेच दाखवून दिले की जास्त दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतला तर आकडी येते. पुढे जॉन स्कॉट हाल्डेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांना कोठीत ठेवून प्रयोग केले आणि १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते छापले. शेळीचा सांधा दुखू लागला की ती तो पाय उचलून धरते. त्या खुणेवर त्यांचे निष्कर्ष उभे आहेत, आणि शेळ्या राखणाऱ्या कोणाही माणसाला ही खूण समजावून सांगावी लागणार नाही.

उपचाराचे तत्त्व सरळ आहे. बुडबुडा झाला असेल तर माणसाला पुन्हा दाबाखाली न्यायचे, म्हणजे तो आकसतो. जोडीला शुद्ध प्राणवायू द्यायचा, म्हणजे नायट्रोजन लवकर धुऊन निघतो. अमेरिकी नौदलाचा ‘टेबल ६’ हा तक्ता आज बहुतेक ठिकाणी वापरला जातो. त्यात रुग्णाला १८ मीटर खोलीइतक्या, म्हणजे २.८ वातावरणांच्या दाबाखाली नेतात, अधूनमधून साध्या हवेची विश्रांती देत प्राणवायू देतात आणि सगळा उपचार पावणेपाच तास चालतो. मधल्या विश्रांतीचे कारण पॉल बेरने सांगितलेली आकडीच.

कोठी कोरड्या जमिनीवरच्या रुग्णालयांत आली ती प्राणवायूच्या आणखी एका गुणामुळे. एरवी रक्तातला जवळजवळ सगळा प्राणवायू तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनवर स्वार होऊन जातो. रक्तरसात विरघळलेला वाटा १०० मिलिलिटरमागे जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. तीन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतला तर तोच वाटा ६ मिलिलिटरपर्यंत जातो. विश्रांत शरीराची गरज साधारण तेवढीच असते. ॲमस्टरडॅमच्या इटे बोएरेमा या शल्यविशारदाने १९६० मध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी जवळजवळ संपूर्ण काढलेली डुकरे अशा कोठीत जिवंत ठेवून दाखवली. ज्या जखमेपर्यंत रक्तवाहिन्या नीट पोहोचत नाहीत, तिथे रक्तरसातून झिरपणारा हा प्राणवायू पोहोचतो.

कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत हिशोब आणखी ठळक आहे. हा वायू हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो. साध्या हवेत त्याचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर सुमारे दीड तास, आणि तीन वातावरणांच्या कोठीत जेमतेम २३ मिनिटे. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर, दार लावलेल्या खोलीतली पेटती शेगडी आणि विहिरीत उतरवून चालू ठेवलेले डिझेल इंजिन ही ग्रामीण भागातली नेहमीची कारणे. विहिरीत कोसळलेल्याला काढायला दुसरा आणि त्याच्या मागे तिसरा उतरतो, असे प्रसंग घडत आले आहेत. मात्र जुन्या विहिरीत किंवा मैल्याच्या टाकीत दरवेळी कार्बन मोनॉक्साइडच असतो असे नाही. कधी प्राणवायूच कमी असतो, कधी हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि त्या रुग्णाची खरी गरज उघडी हवा, मास्कने प्राणवायू आणि कृत्रिम श्वास ही असते. कोठी कोणाला हवी आणि कोणाला नको, हे ठरवणे हाच या शाखेतल्या डॉक्टरच्या कौशल्याचा गाभा आहे.

अमेरिकेतली अंडरसी अँड हायपरबेरिक मेडिकल सोसायटी १९६७ मध्ये नौदलाच्या डॉक्टरांनी स्थापन केली. कोणत्या आजारांत ही चिकित्सा मान्य धरावी याची तिची यादी जगभर प्रमाण मानली जाते. ती यादी लहान आहे. विदाबन आजार, रक्तात शिरलेली हवा, कार्बन मोनॉक्साइड, वायुजन्य गँगरीन, चिरडलेले अवयव, हाडांचा हट्टी जंतुसंसर्ग, किरणोपचाराने झालेली इजा, अचानक आलेला बहिरेपणा आणि न भरणाऱ्या काही जखमा यांचा तिच्यात समावेश आहे. तारुण्य परत आणणे किंवा स्वमग्नता बरी करणे तिच्यात नाही. १.३ वातावरण एवढाच दाब धरणाऱ्या मऊ पिशव्या ‘हायपरबेरिक थेरपी’ म्हणून विकल्या जातात. त्यांना वर सांगितलेले कोणतेही गणित लागू पडत नाही. या क्षेत्रात येणाऱ्याने हा फरक पहिल्या दिवसापासून स्पष्ट बोलून दाखवायला हवा, नाहीतर खऱ्या उपचाराचे नावही त्याबरोबर बदनाम होते.

जखमांचा मुद्दा शिरूर-दौंडसाठी सर्वांत जवळचा. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्या माणसाला उसाच्या फडात पायात काय रुतले ते कळत नाही. जखम हाडापर्यंत गेली, साध्या उपचाराने भरेना, तर कोठीचा विचार होतो. आधी मेलेला भाग काढणे, साखर आटोक्यात आणणे, प्रतिजैविके देणे, रक्तवाहिनी तुंबली असेल तर ती मोकळी करणे आणि पायावरचा भार कमी करणे, हे सगळे व्हावे लागते. ते न करता नुसत्या कोठीत बसवण्याने काही साधत नाही, आणि मधुमेही पायाबाबतचे अभ्यासही एकमुखी नाहीत. जखमेशेजारच्या त्वचेतला प्राणवायू मोजून, दाबाखाली तो वाढतो का हे पाहून रुग्ण निवडणारा डॉक्टर चांगला. एक बैठक २ ते २.४ वातावरणांवर दीड-दोन तासांची आणि अशा वीस ते चाळीस बैठका. दौंडहून पुणे पाऊणशे किलोमीटर, शिरूरहून थोडे कमी. रोज सकाळी गाडी पकडून महिनाभर हा फेरा करणे मजुरी बुडवणाऱ्या माणसाला झेपत नाही. उपचार अर्धवट सुटतात ते बहुतेक वेळा इथे.

पाण्याच्या बाजूनेही या भागाची एक खासियत आहे. निमज्जनाचे तक्ते समुद्रसपाटीसाठी बनवलेले असतात. ३०० मीटरांहून उंच जागी पाण्यावरचा हवेचा दाबच कमी असतो, म्हणून तिथे मारलेली बुडी ‘उंचीवरची बुडी’ धरून तक्त्यांत दुरुस्ती करावी लागते. उजनी जलाशयाची पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आहे आणि त्याचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत येतो. शिरूर तालुक्यातले चिंचणीचे घोड धरण त्याहूनही उंचावर आहे. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगाव-कळाशी मार्गावरची बोट उलटून सहा जण बुडाले, तेव्हा एनडीआरएफच्या पथकाने शोध घेतला. अशा पाण्यात टाकी बांधून उतरणाऱ्या प्रत्येकाला हा हिशोब लागू होतो. मालवणला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकालाही तो लागू होतो. विमानाबाबतचा नियम असा की एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास उड्डाण करू नये. आणि तो नियम ६०० मीटरांपासूनच्या उंचीला धरून केलेला आहे. आंबोली घाट सुमारे ७०० मीटरांवर आहे. दुपारी तारकर्लीला पाण्याबाहेर येऊन संध्याकाळी घाट चढणाऱ्याच्या शरीरात नायट्रोजन अजून शिल्लक असतो.

विहिरीत दम रोखून उतरणाऱ्या पट्टीच्या पोहणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. फुटबॉलमध्ये (फूट व्हॉल्व्हला शेतकरी हेच म्हणतात) अडकलेला कचरा काढायला जाणारा टाकीतली हवा घेत नाही, म्हणून त्याला बेंड्स सहसा होत नाही. त्याचा धोका वर येताना शुद्ध हरपण्याचा. उतरण्याआधी जोरजोरात श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड धुऊन जातो, श्वास घ्यावासा वाटण्याची सूचनाच मिळत नाही आणि पृष्ठभागाच्या हाताभर खाली माणूस बेशुद्ध होतो. आणि पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून उतरणे तर दोन्ही बाजूंनी घातक: हवेत तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड, आणि वर येताना श्वास रोखला की फुप्फुस फाटण्याची भीती.

या शाखेत डॉक्टर म्हणून जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, मग ‘नीट’ आणि साडेचार वर्षांचे एमबीबीएस, वर एक वर्ष इंटर्नशिप. दौंडच्या विद्यार्थ्याला बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळचे, शिरूरच्या विद्यार्थ्याला पुण्याचे बी. जे. पण निमज्जन वैद्यकाकडे जाणारा सर्वांत थेट दरवाजा म्हणजे पुण्यातच, वानवडीला, १९४८ मध्ये उभे राहिलेले सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, सगळ्यांच्या तोंडी एएफएमसी. ‘नीट’च्या गुणांवर बोलावणे येते, त्यानंतर इंग्रजी आणि तर्काची वेगळी परीक्षा, मुलाखत आणि कडक शारीरिक तपासणी होते. भारतीय विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी १४५ जागा, त्यांतल्या ३० मुलींसाठी. शिक्षण सरकारी खर्चाने होते आणि बदल्यात सैन्यदलात सेवा बंधनकारक असते. पदवीनंतर भूदल, नौदल किंवा वायुदल वाट्याला येते. निमज्जन वैद्यक नौदलाच्या वाटेवर आहे. दुसऱ्या महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांनाही शॉर्ट सर्व्हिस कमिशनमधून मुलाखत देऊन ‘सर्जन लेफ्टनंट’ म्हणून नौदलात जाता येते.

नौदलात आलेल्या डॉक्टरांना कुलाब्याच्या संस्थेत सागरी वैद्यक शिकवले जाते. त्यातल्या थोड्यांना पुढे ‘एमडी मरीन मेडिसिन’ ही तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी करता येते. ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहे. जागा मोजक्या आणि मुख्यतः सैन्यदलातल्या डॉक्टरांसाठी. अभ्यासात बुडी आणि दाबाचे शरीरशास्त्र असते, तसेच पाणबुडीतली बंद हवा, जहाजावरचे आरोग्य, किरणोत्सर्गापासून संरक्षण आणि समुद्रात तग धरण्याचे शास्त्रही असते. कोठीत शिरून रुग्णाशेजारी बसण्याची तयारी या डॉक्टरला स्वतःला ठेवावी लागते.

त्याच्या कामाचा पसारा नौदलाच्या कामाइतका मोठा. १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या गोदीत ‘आयएनएस सिंधुरक्षक’ पाणबुडीवर स्फोट होऊन १८ नौसैनिक मृत्युमुखी पडले. गढूळ पाण्यात, वाकलेल्या पोलादात नौदलाचे बुडे त्यांना शोधत होते. अशा वेळी प्रत्येक बुड्याची तपासणी, पाण्यातली मिनिटे आणि विश्रांती यांकडे लक्ष ठेवावे लागते. २०१८ मध्ये नौदलाकडे बुडालेल्या पाणबुडीतून माणसे सोडवणारे वाहन आले. ते ६५० मीटर खोलीपर्यंत जाऊन एका खेपेत १४ जणांना आणू शकते. दाबाखाली राहिलेल्या या माणसांना वर आणल्यावर कोठीत घेण्याची तयारी आधीच लागते. १८ जुलै २०२५ ला विशाखापट्टणममध्ये ‘आयएनएस निस्तार’ हे देशात बांधलेले निमज्जन-साहाय्य जहाज दाखल झाले.

नागरी डॉक्टराची वाट वळणावळणाची. भूलशास्त्र, शल्यचिकित्सा, प्लॅस्टिक सर्जरी किंवा आपत्कालीन वैद्यक यांत पदव्युत्तर शिक्षण घेऊन, मग कोठी असलेल्या रुग्णालयात अनुभव आणि एखादा अल्पकालीन अभ्यासक्रम, असा क्रम बहुधा असतो. परदेशात ही शाखा अधिक बांधेसूद आहे. अमेरिकेत निवासी प्रशिक्षणानंतर एक वर्षाची फेलोशिप असते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये भूलतज्ज्ञांचे महाविद्यालय प्रगत पदविका देते आणि १९७१ पासूनची साउथ पॅसिफिक अंडरवॉटर मेडिसिन सोसायटी स्वतःची पदविका देते. मात्र फक्त या एका शाखेवर पोट भरेल असे गृहीत धरून कोणी निघू नये. कोठी सांभाळणारे बहुतेक डॉक्टर मूळ शाखेतले कामही करत राहतात, आणि ते रुग्णाच्या हिताचेच असते, कारण जखम पाहणारा हात आणि दाब ठरवणारा हात एकच राहतो.

डॉक्टर न होताही या क्षेत्रात काम आहे. कोठी म्हणजे माणूस आत बसवलेले दाबपात्र. तिची जोडकामे, झडपा, दाबमापके, आग विझवण्याची यंत्रणा यांवर आतल्या माणसाचा जीव असतो. ३१ ऑक्टोबर १९९७ ला मिलानच्या एका रुग्णालयात कोठीला आग लागून ११ जण गेले. म्हणून आत जाणाऱ्याचे कपडे सुती, खिशात काडी, मोबाइल, बॅटरी काही नाही, अंगाला तेल-मलम नाही, ही तपासणी दर बैठकीला करावी लागते. फिटर, वेल्डर किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचे आयटीआय करून रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत दाबाच्या यंत्रांवर हात बसलेल्या तरुणाला कोठीचालकाचे काम समजायला वेळ लागत नाही. परिचारिका आणि ओटी तंत्रज्ञ यांनाही तिथे जागा असते. आत बसणारी परिचारिका स्वतः दाबाखाली असते, तिच्याही वेळांची नोंद ठेवावी लागते.

जो स्वतःच पाण्यात उतरू पाहतो त्याच्यासाठी तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, पण ती वाट हौसेची आणि पर्यटनाची. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रांवर काम करणाऱ्या व्यावसायिक बुड्याचे प्रशिक्षण वेगळे आणि महाग. ५० मीटरपर्यंत साधी हवा चालते. त्यापुढे हेलियम मिसळलेला वायू लागतो आणि बुडे जहाजावरच्या कोठीत तीन-चार आठवडे दाबाखालीच राहतात, शेवटी अनेक दिवस घेऊन बाहेर येतात. अशा प्रत्येक पथकात प्रथमोपचार शिकलेला ‘डायव्हर मेडिक’ असतो आणि किनाऱ्यावर त्याला फोनवर सल्ला देणारा डॉक्टर. दमा, अपस्मार, फुप्फुसाला पूर्वी पडलेले छिद्र असलेल्याला हा डॉक्टर पाण्यात जाऊ देत नाही. वर्षानुवर्षे दाबात काम केलेल्यांच्या खांद्याचे आणि खुब्याचे हाड आतून मरू शकते, म्हणून तो त्यांच्या सांध्यांवर लक्ष ठेवतो. हृदयाच्या दोन कप्प्यांमधले जन्मजात छिद्र सुमारे चौघांतल्या एकात उघडे राहते. त्यातून शिरांमधले बुडबुडे मेंदूकडे निसटतात, म्हणून कारण सापडत नसलेल्या बेंड्सनंतर तो हृदयाची सोनोग्राफी सांगतो. बुड्याला परत पाण्यात जाण्याची परवानगी त्यानंतर या डॉक्टरच्या सहीने मिळते.